वनस्पतिवर्धक दिवे

वनस्पतिवर्धक दिवे : सूर्यप्रकाश पुरेसा न पोहोचणाऱ्या जागी वनस्पतींची वाढ व्हावी म्हणून त्यांच्यावर प्रकाश पाडणारे विजेचे दिवे. पादपगृहे, ऊतक संवर्धनाच्या प्रयोगशाळा व बंदिस्त शेती यांत त्यांचा उपयोग मोठ्या प्रमाणावर होतो. येथे मुख्यत्वे घरातील मोजक्या कुंड्यांसाठी अल्प खर्चात दिवा कसा निवडावा, याचा विचार केला आहे.

माणसाचा डोळा व वनस्पतीचे पान प्रकाशाचे मोजमाप निरनिराळ्या रीतीने करतात. डोळा सु. ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट पिवळ्या प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील असतो आणि ल्यूमेन व लक्स ही एकके याच संवेदनशीलतेवर आधारलेली आहेत. प्रकाशसंश्लेषणास मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटर या संपूर्ण पट्ट्यातील फोटॉन उपयोगी पडतात. म्हणून वनस्पतीला मिळणारा प्रकाश दर चौरस मीटरवर दर सेकंदास पडणाऱ्या फोटॉनांच्या संख्येने, म्हणजे मायक्रोमोलमध्ये मोजतात. नेहमीच्या पांढऱ्या दिव्यांच्या बाबतीत सु. ७० लक्स म्हणजे एक मायक्रोमोल असे ढोबळ गणित धरता येते. [→ प्रकाशसंश्लेषण].

डोळा अंधूक व प्रखर प्रकाशाशी सहज जुळवून घेतो. त्यामुळे दिवाणखान्यातील २०० लक्स प्रकाश माणसाला भरपूर वाटतो. वनस्पतीच्या दृष्टीने तो जेमतेम ३ मायक्रोमोल असतो. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा सु. २,००० असतो. श्वसनात खर्च होणारे अन्न नुसते भरून काढण्यासाठी सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींच्या पानांना १ ते ५ आणि उन्हातील वनस्पतींच्या पानांना १० ते २० मायक्रोमोल प्रकाश लागतो. मनी प्लँट अशा खोलीत कसाबसा तगतो, पण तुळस काही आठवड्यांत लांबट, फिकट होऊन मरते, याचे कारण यात आहे. पाणी वा खत वाढवून ही उणीव भरून निघत नाही. उलट कमी प्रकाशातील झाड पाणी कमी शोषत असल्याने जादा पाण्याने मुळे कुजतात.

इतिहास : विजेच्या प्रकाशात पाने हिरवी होऊ शकतात, हे एर्व्हे मांगाँ यांनी फ्रान्समध्ये १८६१ साली दाखविले. इंग्लंडमध्ये विल्यम सीमेन्स यांनी १८८० च्या सुमारास प्रज्योत दिव्याखाली पिके वाढविली. उघड्या प्रज्योतीने पाने करपत, पण मध्ये काच ठेवली की ती वाचत. जंबुपार किरण काचेत अडत असल्याचा हा परिणाम होता. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो, हे अमेरिकेत गार्नर व ॲलार्ड यांनी १९२० मध्ये सिद्ध केल्यावर कृत्रिम प्रकाशाला नवे महत्त्व आले. पुढे अनुस्फुरक नलिका-दिवे (ट्यूबलाइट) प्रचारात आले. तांबडे एलईडी, म्हणजे प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ, १९९० च्या सुमारास अमेरिकेत अवकाशयानांतील लागवडीसाठी वापरून पाहण्यात आले. परंतु केवळ तांबड्या प्रकाशात रोपांची खोडे अकारण लांबत व निळ्या प्रकाशाची जोड द्यावी लागे. प्रखर निळा एलईडी १९९३ मध्ये सिद्ध झाला. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा घरगुती पांढरा बल्ब म्हणजे अशा निळ्या द्विप्रस्थावर पिवळसर अनुस्फुरक लेप दिलेला दिवा होय.

जांभळ्या प्रकाशाचा समज : बाजारात ‘ग्रो लाइट’ म्हणून मिळणारे अनेक दिवे तांबडा व निळा प्रकाश एकत्र देतात. हरितद्रव्य हे दोन रंग अधिक शोषते, हिरवा परावर्तित करते, म्हणून हिरवा निरुपयोगी, असा त्यामागील युक्तिवाद असतो. तो अपुरा आहे. टेक्ससमधील मक्री यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २२ पीक-वनस्पतींवरील मापनांत हिरवा प्रकाशही प्रकाशसंश्लेषणास बराच उपयोगी असल्याचे दिसून आले. पानावर पडलेल्या हिरव्या प्रकाशापैकी बहुतेक भाग पान शोषून घेते. थोडाच परत फिरतो आणि तेवढ्यावरून आपण पानाला हिरवे म्हणतो. पांढऱ्या एलईडीत निळा, हिरवा व तांबडा असे तिन्ही भाग असतात. शिवाय जांभळ्या प्रकाशात पानावरील कीड, डाग वा पिवळेपणा ओळखू येत नाही, ही गैरसोय घरात लहान नाही. काही स्वस्त दिव्यांच्या वेष्टनावर ‘१,००० वॅट’ असा आकडा छापलेला असतो, पण तो प्रत्यक्ष वीजवापराचा नसतो. प्रत्यक्ष वॅट व ल्यूमेन न सांगणारा दिवा घेऊ नये, हे उत्तम.

निवड व खर्च : दिव्याची किंमत एकदाच द्यावी लागते, विजेचे बिल दरमहा येते. सु. ९०० ल्यूमेन प्रकाशासाठी तापदीप्त (तारेचा) बल्ब ७५ वॅट, सीएफएल १५ वॅट व एलईडी बल्ब ९ वॅट वीज घेतो. रोज १४ तास दिवा लावल्यास महिन्याला अनुक्रमे ३१.५, ६.३ व ३.८ युनिटे लागतात. युनिटला ८ रु. धरल्यास हा खर्च सु. २५०, ५० व ३० रु. होतो. तापदीप्त बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जाते व जवळची पाने करपतात, म्हणून तो फुकट मिळाला तरी महागच पडतो. भारतात उजाला योजनेसाठीच्या सरकारी खरेदीत एलईडी बल्बची किंमत २०१४ मधील सु. ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये सु. ३८ रुपयांवर आली. तेव्हापासून सामान्य घरातील कुंडीवर दिवा लावणे ही चैन राहिली नाही.

प्रकाशाच्या रंगाचा फार घोळ घालण्याचे कारण नाही. ६,५०० केल्व्हिनचा शुभ्र दिवा निळ्याचे प्रमाण अधिक असल्याने रोपे बुटकी व भरीव ठेवतो. ३,००० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्यात तांबडा अधिक असतो. पानांच्या शोभिवंत झाडांना दोन्ही चालतात. अंतर मात्र निर्णायक असते. ९ वॅटच्या बल्बखाली ३० सेंमी. अंतरावर ढोबळमानाने २,००० लक्स, म्हणजे सु. ३० मायक्रोमोल प्रकाश मिळतो. अंतर ६० सेंमी. केले तर तो चौथाईवर येतो आणि छताला लावलेल्या बल्बचा झाडाला जवळजवळ काहीच लाभ होत नाही. तोच बल्ब २० सेंमी. वर टांगून १४ तास ठेवला, तर मनी प्लँट, सान्सेव्हिएरिया यांसारख्या झाडांना दिवसभरात सु. ३ मोल प्रकाश मिळतो व तो त्यांना पुरतो. कुंड्या रांगेत असतील, तर बल्बपेक्षा चार फुटी, २० वॅटची एलईडी पट्टी सोयीची. तिचा प्रकाश फळीभर सारखा पसरतो. १२० × ३० सेंमी. फळीवर २० सेंमी. उंचीवर अशा दोन पट्ट्या लावल्यास सु. १०० मायक्रोमोल प्रकाश मिळून मेथी, मोहरी यांची कोवळी पाने कापणीस येतात. फळीच्या पाठीशी व बाजूंना पांढरा चुना वा पांढरा पुठ्ठा लावणे हा प्रकाश वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

याला मर्यादा आहेतच. टोमॅटोसारख्या फळभाजीला रोज २० ते ३० मोल प्रकाश लागतो. तो घरात विजेवर पुरविल्यास टोमॅटो बाजारभावाच्या कितीतरी पट महाग पडेल. तुळशीला १२ मोल किंवा त्याहून अधिक प्रकाश मानवतो. उंच इमारतींच्या सावलीतील मुंबईच्या सदनिकांत, तसेच इंग्लंड-अमेरिकेतील मराठी घरांत हिवाळ्याचे चार-पाच महिने, तुळस जगविण्याचा प्रश्न यामुळेच अवघड होतो. एका कुंडीपुरते दोन-तीन बल्ब शेंड्यापासून १५ सेंमी. अंतरावर लावून व कुंडी दक्षिणेच्या खिडकीत ठेवून ती तेथे तगवता येते. भरगच्च मंजिऱ्यांची अपेक्षा मात्र ठेवता येत नाही.

दिवा अखंड २४ तास लावू नये. बहुतेक झाडांना १२ ते १६ तास पुरेसे होतात व वेळेवर बंद करणारे स्वयंचलित बटण लावल्यास विसर पडत नाही. शेवंतीसारख्या, लांब रात्री मिळाल्यावरच फुलणाऱ्या वनस्पतींवर रात्री दिवा राहिला, तर झाड हिरवेगार वाढते पण कळी धरत नाही. पाणी घालताना दिवा बंद करावा व जोडणी कुंडीच्या पातळीच्या वर असावी. फुटलेल्या सीएफएलमध्ये पारा असल्याने ती कुंडीजवळ वापरणे टाळलेले बरे.

एलईडी दिवा सहसा एकाएकी विझत नाही, हळूहळू मंद होतो. त्याचे छापील आयुष्य बहुधा मूळ प्रकाशाच्या ७० टक्के उरेपर्यंतचे असते. हा फरक डोळ्याला जाणवत नाही. दिवा नेहमीसारखा लागत असूनही नवी पाने लहान व पेरी लांब येऊ लागली, तर प्रथम दिव्यावरील धूळ पुसावी, नंतर तो काही सेंमी. खाली आणावा आणि तरीही फरक पडला नाही, तर बदलावा.