गिअरबॉक्स खोलण्याआधी त्याचं तेल वाचा

ज्यांना हेडफोन लावायला जमलं नाही, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय. विषय आहे गिअर रिड्यूसर, म्हणजे आपल्या बोलण्यातला गिअरबॉक्स.

भंडारा हा धानाचा जिल्हा. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, कुठेही जा, राईस मिल दिसणारच. मिलमधली मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. पण धान वाहणाऱ्या कन्व्हेयरला एवढा वेग नको, जोर हवा. मध्ये २० ला १ चा गिअरबॉक्स बसवला की १४४० चे ७२ फेरे होतात आणि जोर कितीतरी वाढतो.

ऐन हंगामात हा डबा बसला की भरडाई थांबते, गाड्या उभ्या राहतात, हमालांची मजुरी बुडते. म्हणून घाईघाईत तुटलेलं गिअर काढून नवं टाकतात आणि मशीन चालू! मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर पडला आणि लॉग न बघता नुसता रीस्टार्ट मारला, तर तो पुन्हा पडणार हे मला पक्कं ठाऊक आहे. गिअरबॉक्सचंही तसंच. त्याचा लॉग दोन ठिकाणी सापडतो: तेलात आणि दातांवर.

आधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा. मग तेल स्वच्छ भांड्यात काढा, फेकू नका.

तेल काय सांगतं? दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. सोनेरी चमक असेल तर वर्म गिअरचं पितळी रंगाचं ब्राँझ चाक झिजतंय. चुंबकाला बारीक चुरा चिकटला तर लोखंडाची झीज. मोठे तुकडे निघाले तर मशीन अजिबात चालवू नका. राईस मिलमध्ये आणखी एक शत्रू आहे, तुसाची धूळ. धानाच्या तुसात भरपूर सिलिका असते. ती तेलात गेली की पॉलिश पेपरचं काम करते. शिवाय तिने ब्रीदर बुजला की आत दाब वाढतो आणि सीलमधून तेल गळायला लागतं.

दात काय सांगतात? बारीक खड्डे म्हणजे पिटिंग, पृष्ठभाग थकलाय. ते थोडे असतील आणि वाढत नसतील तर नजर ठेवून चालवता येतं. ओरखडल्यासारखे उभे पट्टे म्हणजे तेलाचा थर फाटून धातू धातूला घासला. दात तुटला असेल तर तुटलेली बाजू बघा. शिंपल्यासारख्या रेषा असतील तर भेग बरेच दिवस हळूहळू वाढत होती. सगळीकडे खडबडीत असेल तर एकाच झटक्यात गेला, म्हणजे काहीतरी अडकलं होतं. आणि खुणा दाताच्या एकाच टोकाला असतील तर शाफ्टची सरळ रेषा चुकलीय किंवा बेअरिंग ढिलं आहे. अशा वेळी नवं गिअरही त्याच टोकाला खाल्लं जाणार.

आवाजाचा हिशोब: मोटरकडच्या गिअरला २० दात असतील, तर १४४० भागिले ६० म्हणजे सेकंदाला २४ फेरे, गुणिले २० दात, म्हणजे ४८० हर्ट्झ. फोनमधल्या स्पेक्ट्रम अ‍ॅपवर ही रेघ दिसू शकते. तिच्या दोन्ही बाजूंना २४-२४ च्या अंतराने नव्या रेघा उठू लागल्या तर त्या गिअरवर संशय घ्या. फोन निदान करणार नाही, पण मशीन चांगलं असतानाचं रेकॉर्डिंग ठेवलं तर फरक कळतो.

दुरुस्ती करताना: झिजलेल्या गिअरसोबत नवं गिअर जोडू नका, जोडीच बदला. कडक केलेल्या दाताला वेल्डिंग भरू नका. उष्णतेने त्याचा कडकपणा जातो आणि भेगा पडतात. बेअरिंग, सील, ब्रीदर तपासा. दातांना निळा रंग लावून हाताने फिरवा. ठसा दाताच्या मधोमध आला पाहिजे. मग कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं तेल, खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तरी ते घुसळून तापतं.

मिस्त्रीभाऊ घाईत असतील तर एवढं तरी करा: पुसण्याआधी दातांचे फोटो काढा आणि तेलाची एक बाटली तारीख टाकून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तेच कामी येईल. तुमच्या मिलमध्ये कोणती खूण दिसली, ते व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात!