कर्करोगाची लस आणि उलटणारी प्रतिकारशक्ती

मुलीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस द्यायची म्हटली, की घरात कुणीतरी विचारतंच, ‘पुढे संधिवात, थायरॉइड असलं काही मागे लागणार नाही ना?’ ही भीती निराधार आहे. ही लस कर्करोगाच्या पेशींविरुद्ध नसून हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूविरुद्ध असते. तिच्यात विषाणूच्या कवचाचं प्रथिन असतं, त्याचा डीएनए नसतो. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या सुमारे १० लाख मुलींच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे स्वयंप्रतिकार आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटून होणारे आजार होतात, असा पुरावा त्यात मिळाला नाही. हे आजार तरुण वयात एरवीही सुरू होतात. लसीनंतर झाले, की दोष लसीला जातो.

लसीबद्दलच्या अशाच भीतीची किंमत जपानने मोजली. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने लसीची शिफारस थांबवली आणि लसीकरण सुमारे ७० टक्क्यांवरून १ टक्क्याखाली घसरलं. शिफारस पुन्हा लागू झाली ती एप्रिल २०२२ मध्ये. मधल्या काळातल्या कितीतरी मुली वेळेवर मिळणाऱ्या संरक्षणाला मुकल्या.

कर्करोग झाल्यावर दिली जाणारी इम्युनोथेरपी मात्र वेगळी. ‘हे केमो नाही, म्हणजे त्रास नाही’ हा तिच्याबद्दलचा गैरसमज मला जास्त घातक वाटतो. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना आवरणारे ब्रेक शरीरातच असतात. इम्युनोथेरपीतली प्रमुख औषधं ते सैल करतात. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण मोकळ्या सुटलेल्या पेशी कधीकधी निरोगी अवयवांवरही चालून जातात. मग आतडी, यकृत, फुप्फुसं सुजतात, थायरॉइड बिघडतं. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात काहींना कोडासारखे पांढरे डाग येतात, कारण गाठीतल्या आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशींमधली काही प्रथिनं सारखीच असतात. असे डाग आलेल्या रुग्णांमध्ये उपचाराचा परिणाम बरेचदा चांगला दिसला आहे, पण ती बरं होण्याची हमी नव्हे.

आधीपासून संधिवात किंवा सोरायसिस असलेल्यांना हे उपचार मिळूच शकत नाहीत, असंही नाही. जुना आजार उसळू शकतो, म्हणून दोन्ही आजारांच्या डॉक्टरांनी मिळून ठरवावं लागतं.

बहुतेक प्रतिक्रिया वेळीच स्टेरॉइड दिल्यास आटोक्यात येतात. थायरॉइडसाठी मात्र अनेकदा कायमची गोळी लागते. म्हणून इम्युनोथेरपी चालू असताना, किंवा संपून काही महिने झाले असले तरी, जुलाब, धाप, कावीळ यांपैकी काहीही दिसलं तर घरच्या घरी गोळी घेऊ नका. त्याच दिवशी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना कळवा.