पिन बसली, पण व्होल्टेज जुळलं का?

रिद्धपूर-मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात व्होल्टेज उतरलं की बोअरवरची मोटार का जळते, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. दाब कमी झाला तरी पंपावरचा भार तेवढाच राहतो, मोटार जादा करंट ओढते आणि वाइंडिंग तापून जातं. पण त्याच भागातले आईबाबा अमेरिकेतल्या लेकीकडे निघाले, की बॅगेत मिक्सर भरला जातो आणि विचारपूस होते ती फक्त पिनेची. आपल्या घरातली वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्‌झची, अमेरिकेतली 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्‌झची. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. म्हणून काय न्यायचं आणि काय नाही, हे त्या वस्तूचं काम विजेवर कसं चालतं, ते पाहून ठरवायला हवं.

मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा ‘100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्‌झ’ असं छापलेलं असतं. तो बिनधास्त न्यावा. उष्णतेवर चालणाऱ्या वस्तूंचं गणित वेगळं. दाब निम्मा झाला की उष्णता निम्मी नव्हे, जवळपास पावपट होते. इथली 1000 वॉटची इस्त्री तिथे जेमतेम 270 वॉटची उरते. मिक्सर फिरेल, पण त्यात जोर राहणार नाही. वड्यांची भिजवलेली डाळ वाटताना पातं अडकलं, तर थांबलेली मोटार तापत राहील.

यावर कुणी म्हणेल, ट्रान्सफॉर्मर घेतला की झालं. होतंही. पण 750 वॉटच्या मिक्सरला किमान हजार-दीड हजार वॉटचा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यातलं लोखंड आणि तांबं कित्येक किलोंचं, आणि विमानात एका बॅगेला मुभा साधारण 23 किलोंची. शिवाय तो दाब वाढवतो, हर्ट्‌झ बदलत नाही. मिक्सरच्या कार्बन ब्रशवाल्या मोटारीला त्याने फारसा फरक पडत नाही, टेबलफॅनला पडतो. अमेरिकेतल्या घरांत कपडे वाळवायच्या यंत्रासाठी 240 व्होल्ट असतात, हेही खरं. मात्र तिथे दोन्ही तारा जिवंत असतात. आपल्या मिक्सरचं बटण सहसा एकच तार तोडतं, त्यामुळे बंद केलेल्या मिक्सरमध्येही वीज राहते. म्हणून त्या जोडणीवर मिक्सर लावायचा उपाय करूच नये. तिथल्या ब्लेंडरमध्ये सुकी चटणी नीट होत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यासाठी भारतीय कंपन्या 110 व्होल्टचे मिक्सर बनवतात, तोच घ्यावा. लेक लंडनला किंवा सिडनीला असेल, तर घरचाच मिक्सर न्यावा. तिथेही 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्‌झच आहेत, फक्त पिन बदलावी लागते.

खरा धोका परतीच्या बॅगेत असतो. हौसेने दिलेली 120 व्होल्टची, 1000 वॉटची कॉफीची किटली इथे लावली, तर ती एकदम 3,600 वॉटच्या वर वीज ओढू पाहते. आतली तार जळते, वायरिंगही तापते. लेबलवर नुसतं ‘120 व्होल्ट’ असेल, तर ती वस्तू तिथेच राहू द्यावी.