मांडवाचा खांब: पुरायचा की बसवायचा?

बार्शीच्या आमच्या घरी मागच्या अंगणात मधुमालतीचा मांडव होता. निलगिरीचे चार खांब दोन-दोन फूट खोल खड्ड्यात उभे करून भोवती काँक्रीट ओतलेलं. "आता नातवंडांपर्यंत बघायला नको," आई म्हणाली होती. सहा पावसाळे त्याने काढले. सातव्याच्या तोंडावर, वळवाच्या वादळात, तो वेलीसकट आडवा झाला. उचलायला गेलो तर चारही खांब एकाच जागी मोडलेले, जमिनीच्या रेषेला. वरचं लाकूड इतकं टणक की खिळा जाईना. काँक्रीटच्या तोंडाशी मात्र बोट टेकवलं तर पेरभर आत गेलं. लाकडाचा भिजलेल्या चहापत्तीसारखा चोथा झाला होता. काँक्रीटला साधा तडासुद्धा नव्हता.

"सिमेंटमध्ये गाडलं की लाकूड कुजत नाही" हा समज गवंड्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांचा आहे, आणि अंगणातल्या मांडवांचं सर्वांत जास्त नुकसान त्यानेच केलं आहे. लाकूड उन्हाळ्यात सुकून आकसतं, पावसाळ्यात फुगतं. काँक्रीट त्याच्याबरोबर आकसत-फुगत नाही. एक-दोन वर्षांत दोघांच्या मधे केसाएवढी फट पडते आणि खांबावरून ओघळणारं पाणी त्या फटीत उतरतं. खाली काँक्रीटचा बंद पेला असेल, तर पाण्याला बाहेर जायला वाट नाही. शिवाय काँक्रीट स्वतःही सच्छिद्र असतं, ओल शोषून धरतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. या पेल्यात तो महिनोन्‌महिने त्याच्या कितीतरी वर असतो. कूज नेमकी जमिनीच्या रेषेलाच का, तर बुरशीला पाण्याबरोबर हवाही लागते. खूप खाली हवा कमी, वर ओल कमी. दोन्ही एकत्र मिळतात ते वरच्या चार-सहा बोटांत, आणि वाऱ्याचा सगळा ताणही तिथेच येतो.

वाळवीचंही तसंच. मिलिमीटरपेक्षा बारीक फटीतून ती वर चढते. काँक्रीटच्या वेष्टनाने ती अडत नाही, उलट आत शिरली की दिसत नाही.

यावर घरोघरी केला जाणारा उपाय म्हणजे गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल. ते कृपा करून लावू नका. इंजिनातून निघालेल्या तेलात जड धातू असतात. ते पावसाबरोबर मातीत उतरतात, आणि आपण त्याच मांडवावर दोडका-कारली चढवतो. बांबूला बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया चांगली, पण ती छपराखालच्या बांबूसाठी. ओल्या जमिनीत ही मिठं पाण्याबरोबर निघून जातात. सागाचा खांब टिकतो तोसुद्धा त्याच्या गाभ्यामुळे. सालीलगतचं फिकं लाकूड इतर कुठल्याही लाकडासारखंच कुजतं, आणि बारीक गोल वाश्यात तेच जास्त असतं.

मग पूर्वीचे वाडे कसे टिकले? एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर खांबाच्या पायाशी बसून बघा. लाकूड मातीत नाही. ते दगडी तळखड्यावर बसवलेलं आहे, जमिनीपासून वर, चहूबाजूंनी वारा लागेल असं. आपण खांब 'पुरतो', ते 'बसवत' होते. मला वाटतं, या एका क्रियापदात सगळं आलं.

पण वाड्याच्या खांबावर अख्ख्या माडीचं वजन असायचं, ते त्याला जागेवर धरायचं. अंगणातला मांडव हलका असतो. वेल दाट झाली की तो शिडासारखा वारा पकडतो, आणि वारा त्याला कधी वर उचलतो, कधी एका अंगाला ढकलतो. तिथे काँक्रीट लागतंच, मात्र ते वजनासाठी आणि पकडीसाठी. एक फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या. तळाला चार इंच खडी घाला आणि वर काँक्रीट भरा. एका खड्ड्यातला ठोकळा ८५ ते ९० किलोचा होतो. त्यात लोखंडी पट्टीचा यू आकाराचा चिमटा बसवायचा, त्याचा पाय फूटभर आत रुतलेला. चिमट्यात लाकडी खांब दोन आरपार बोल्टांनी आवळायचा आणि खांबाचं बूड काँक्रीटपासून इंचभर वर ठेवायचं. चिमट्यातला सांधा थोडा लवतो, त्यामुळे वरच्या कोपऱ्यांत खांब आणि आडव्या तुळया जोडणारे तिरके आधार हवेतच. ते नसतील तर मांडव पत्त्यांच्या घरासारखा एका बाजूला झुकेल. ठोकळ्याचा माथा जमिनीपेक्षा दोन इंच वर ठेवा आणि थापीने चहूबाजूंना उतार द्या.

लाकूड पुरण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर निदान त्याचं बूड काँक्रीटमध्ये बंद करू नका. ते खडीवर टेकवा, म्हणजे पाणी खाली निचरेल.

आता माल कालवण्याबद्दल. "सिमेंट जास्त घातलं की मजबूत, पाणी जास्त घातलं की नीट बसतं." यातलं दुसरं वाक्य फार महागात पडतं. भारतीय मानक ४५६ मधल्या तक्त्यानुसार एम-१५ दर्जाच्या काँक्रीटला ५० किलोच्या पोत्यामागे ३२ लिटर पाणी, एम-२० ला ३० लिटर. आपल्याकडे पाइप सोडून माल आमटीसारखा पातळ केला जातो. सिमेंटला लागतं त्यापेक्षा जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक भोकं ठेवतं. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी, एवढं मांडवाला पुरे. चार खड्ड्यांना एक पोतं साधारण पुरतं. कोकणात किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते, पण लोखंड असेल तिथे ती वापरू नये. काँक्रीटच्या अल्कधर्मी आवरणात लोखंड गंजण्यापासून वाचतं, वाळूतलं मीठ ते संरक्षणच मोडतं.

"काँक्रीट वाळलं की घट्ट होतं" हेही खरं नाही. ते वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया होते, म्हणून ते दगड बनतं. पाणी आधीच उडालं, तर ती क्रिया अर्धवट थांबते. म्हणून आपले गवंडी 'पाणी मारा' म्हणतात. त्याच मानकानुसार साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि फ्लाय ॲशसारखं मिश्रण असलेल्या सिमेंटला किंवा कडक उन्हाळ्यात किमान दहा दिवस पाणी मारायला हवं. आज दुकानात मिळणारं पीपीसी हे मिश्रणाचंच सिमेंट, तेव्हा दहा धरा. ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलं की काम सोपं होतं. पूर्ण ताकदीचा हिशोब २८ दिवसांचा. वेल लगेच चढवली तरी बिघडत नाही, मात्र त्या मांडवाला झोपाळा टांगायचा असेल तर महिनाभर थांबा.

अलीकडे परदेशी व्हिडिओ बघून खड्ड्यात सुकाच माल ओतून वरून पाणी सोडणारे भेटतात. ते लोक त्यासाठीच बनवलेलं, झटपट घट्ट होणारं तयार मिश्रण वापरतात. आपल्या सिमेंट-वाळू-खडीवर हे केलं तर कुठे पाणी पोचतं, कुठे नाही, आणि आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळी राहते. त्याच व्हिडिओंतला चार फूट खोलीचा आग्रहही आपल्यासाठी नाही. तिकडे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि खांब वर ढकलतं, म्हणून ते गोठणाऱ्या थराच्या खाली जातात.

आपल्याकडे ते काम काळी माती करते. तिच्यातली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून मूठभर रुंद भेगा पडतात. ही हालचाल साडेतीन मीटरपर्यंत खोल जाते. म्हणूनच अशा जमिनीत घरांसाठी तळाशी फुगीर कंद असलेले खोल पाइल वापरतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ते तंत्र आपल्याकडे रुजवलं. मांडवासाठी कुणी एवढं खोल जाणार नाही, पण कल्पना उचलता येते. खड्डा तळाला थोडा रुंद, वर अरुंद आणि कडा गुळगुळीत. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पहारीने खणताना तोंड पसरट होतं, काँक्रीट अळंबीच्या छत्रीसारखं बसतं आणि फुगणारी माती त्या छत्रीला खालून उचलते. मांडव दरवर्षी बोटभर तिरका होतो, आणि दोष सिमेंटला जातो.

"लोखंडी पाइप घ्या, कटकटच नको" असंही सांगतात. जीआय पाइप चांगलाच, पण त्याचंही दुखणं जमिनीच्या रेषेलाच. तिथे माती आणि पालापाचोळा साचू देऊ नये. वरचं तोंड टोपीने बंद करावं, नाहीतर पाइप पावसाच्या पाण्याने आतून भरतो.

आमची मधुमालती मुळापासून पुन्हा फुटली. या वेळी खांब चिमट्यांवर आहेत, जमिनीपासून वर. खालच्या इंचभर फटीत पावसाळ्यात गळलेली पानंफुलं अडकतात आणि ओल धरतात, म्हणून आई अंगण झाडताना खराट्याची काडी तिथून फिरवते.