ट्रॅकवरच्या गाडीचे चाक

मोटारगाडीच्या वजनाचे दोन हिस्से पडतात. इंजिन, पत्रा, सीट आणि माणसे यांचा भार स्प्रिंगांवर तोललेला असतो. चाक, टायर, ब्रेकची डिस्क, कॅलिपर आणि हब मात्र स्प्रिंगांच्या खाली येतात. या खालच्या हिश्श्याला रस्त्याचा प्रत्येक उंचवटा थेट लागतो. उसळलेले चाक जड असेल तर त्याला पुन्हा जमिनीला टेकवायला स्प्रिंग आणि शॉकअपला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ टायरची पकड कमी पडते. शहरात हे फारसे जाणवत नाही. ट्रॅकवर वळणाच्या कडेच्या रंगीत कर्बवरून गाडी काढताना ते स्टिअरिंगमध्ये स्पष्ट कळते. ट्रॅक डेसाठी हलकी चाके घेण्याचे पहिले कारण हेच. वेग वाढतो हे दुसरे कारण, आणि त्याबद्दल गॅरेजांतून बरीच अतिशयोक्ती ऐकू येते.

चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले चार किलो, असे सर्रास सांगितले जाते; काही जण आकडा दहावर नेतात. प्रत्यक्ष हिशेब सोपा आहे. चाक गाडीबरोबर पुढे जाते आणि स्वतःभोवती फिरतेही, म्हणून वेग घेताना त्याचे वजन थोडे वाढल्यासारखे वागते. ही वाढ ते वजन मध्यापासून किती दूर आहे यावर ठरते. १५ इंची रिमची कड मध्यापासून सुमारे १९ सेंटिमीटरवर असते आणि टायरची त्रिज्या सुमारे ३० सेंटिमीटर. १९ भागिले ३० याचा वर्ग येतो ०.४. म्हणजे रिमच्या कडेवरचा एक किलो गाडीला १.४ किलोसारखा वाटतो. हबजवळच्या किलोची वाढ नगण्य असते, तर टायरच्या नक्षीतला किलो जवळजवळ दोन किलोंचे काम करतो. चारही चाकांत दोन-दोन किलो वाचवले तर ११०० किलोच्या गाडीला फार तर ११ किलोंचा, म्हणजे एक टक्क्याचा फायदा होतो. शेजारच्या सीटवरचा मित्र पिटमध्ये उतरवला तर याच्या कितीतरी पट फायदा फुकटात होतो. शिवाय हलके चाक घेऊन त्यावर जाड, जड टायर चढवला तर वाचवलेले वजन सगळ्यात महागात पडणाऱ्या जागी परत येते.

अ‍ॅलॉय म्हणजे हलके, हा समजही तपासून घ्यावा लागतो. स्वस्त अ‍ॅलॉय चाके साच्यात वितळलेला धातू ओतून बनतात. ओतीव धातूत सूक्ष्म छिद्रे राहू शकतात, म्हणून ताकद भरून काढण्यासाठी भिंती जाड ठेवाव्या लागतात, आणि असे चाक त्याच मापाच्या लोखंडी चाकापेक्षा जडही निघू शकते. कमी दाबाने खालून धातू साच्यात चढवण्याची पद्धत यापेक्षा बरी. गाडी कंपन्यांची बहुतेक मूळ चाके अशीच बनतात. तिसरी पद्धत फ्लो फॉर्मिंगची. यात चाकाचा तोंडाकडचा भाग ओतीव असतो, पण रिमचा पन्हाळीसारखा भाग चाक गरम करून गरगर फिरवत रोलरने पोळीसारखा लाटला जातो. धातू दाबला जाऊन घट्ट होतो, भिंत पातळ होते, आणि वजन नेमके बाहेरच्या बाजूने, म्हणजे जिथे ते जास्त नडते तिथून, कमी होते. चौथी पद्धत फोर्जिंगची. अ‍ॅल्युमिनियमच्या घन लादीवर हजारो टनांचा दाब देऊन चाकाचा आकार घडवायचा आणि उरलेला भाग यंत्रावर कातायचा. ताकदीला आणि हलकेपणाला याची बरोबरी नाही, पण किंमत ओतीव चाकाच्या कितीतरी पट. मॅग्नेशियम आणि कार्बन फायबर यांची गोष्ट परवडणाऱ्या चाकांच्या लेखात न काढलेली बरी.

या क्षेत्रात वजनाचे मापदंड जपानी कंपन्यांनी घालून दिले. रेज कंपनीचे व्होल्क रेसिंग टीई३७ हे सहा आऱ्यांचे फोर्ज केलेले चाक १९९६ मध्ये आले. नावातले ३७ म्हणजे १५ इंची, सहा इंच रुंदीच्या चाकाचे ३.७ किलो वजन. परवडणाऱ्या गटातला मापदंड एन्काईचा आरपीएफ१. तो लाटीव पद्धतीने बनतो आणि त्याचे १५ इंची, सात इंच रुंदीचे चाक साडेचार किलोंच्या आसपास भरते. फोर्ज केलेल्या चाकापेक्षा किलोभरही जास्त नाही, आणि किंमत मात्र खूप कमी. ट्रॅकवर हे चाक इतके दिसते त्याचे कारण हेच. हमामात्सुच्या या कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ शिक्रापूरला आहे, मात्र तिथे मुख्यतः गाडी कंपन्यांना लागणारी चाके तयार होतात.

स्वस्तात वजन कमी करण्याचा खात्रीचा मार्ग मात्र ब्रँडपेक्षा व्यासातून जातो. एक इंच मोठे चाक म्हणजे जास्त धातू, तोही मध्यापासून जास्त दूर. एकाच घडणीचे १७ इंची चाक १५ इंचीपेक्षा दोन-तीन किलोंनी सहज जड असते, टायरही महाग पडतो, आणि ट्रॅकवर टायर झिजायला वेळ लागत नाही. म्हणून नियम असा, की ब्रेक मावतील ते सगळ्यात लहान चाक घ्यावे. मोठी चाके गाडीला शोभतात, यात वाद नाही. पण घड्याळ शोभा मोजत नाही.

उदाहरणासाठी चाकणच्या कारखान्यात बनलेली, २०१० ते २०२२ या काळात भारतात विकली गेलेली फोक्सवॅगन पोलो घेऊ. तिच्या खालच्या मॉडेलांना १७५/७० आर१४ टायर येत, वरच्यांना १८५/६० आर१५. या दुसऱ्या टायरचा व्यास हिशेबाने ६०३ मिलिमीटर. त्याजागी १९५/५५ आर१५ बसवला तर व्यास साधारण ५९५ होतो, म्हणजे सव्वा टक्का कमी. गिअर किंचित आखूड झाल्यासारखे वाटतात आणि स्पीडोमीटर थोडा जास्त वेग दाखवतो, बाकी काही अडत नाही. या टायरला साडेपाच ते सात इंच रुंदीची रिम चालते. ट्रॅकसाठी रुंदी वरच्या टोकाकडे ठेवावी, कारण रुंद रिमवर टायरची बाजू ताणलेली राहते आणि वळणात कमी लोळते.

मापे जुळवताना सर्वाधिक घोटाळा ऑफसेटचा होतो. चाक हबला जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, तो हा आकडा. सहा इंच रुंदीचे, ४० ऑफसेटचे चाक काढून सात इंची, ३५ ऑफसेटचे बसवले तर ते आतल्या बाजूला सुमारे ८ मिलिमीटर आणि बाहेरच्या बाजूला सुमारे १८ मिलिमीटर सरकते. आतले ८ मिलिमीटर शॉकअपला घासतात का, बाहेरचे १८ मडगार्डच्या कडेला लागतात का, हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून आणि गाडी दाबून पाहावे लागते. व्यास पुरेसा असूनही आऱ्यांचा आतला उतार कॅलिपरला अडू शकतो, म्हणून कॅलिपरचा पुठ्ठ्याचा साचा कापून तो चाकात फिरवून बघण्याची जुनी रीत आजही उत्तम. आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनेही या हिशेबात धरावीत.

नट-बोल्टकडे बहुतेकांचे लक्ष सगळ्यात शेवटी जाते, आणि तिथे चूक झाली तर चाकच निखळते. पोलोला पाच बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात आणि हबचा गोल ५७.१ मिलिमीटरचा. मारुती स्विफ्टला चार नट, वर्तुळ १०० चेच, पण हब ५४.१ चा. बाजारातल्या चाकाचे मधले भोक बहुधा मोठे असते. ती फट भरायला रिंग लागते. ट्रॅकवर ब्रेकच्या उष्णतेने प्लास्टिकची रिंग वितळते, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचीच घ्यावी. त्याहून महत्त्वाचे बोल्टचे बूड. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचे बूड गोलाकार असते, बाजारातल्या बहुतेक चाकांना ६० अंशांचे शंकूसारखे बूड लागते. दोन्हींचे आटे सारखे असल्यामुळे बोल्ट बसतो, आवळलाही जातो. पण टेकतो फक्त एका बारीक वर्तुळावर, आणि दोन-तीन गरम फेऱ्यांनंतर सैल होतो. चाक घेताना बोल्टचा संच सोबतच घ्यावा आणि पोलोला तो १२० न्यूटन मीटरवर टॉर्क पान्यानेच आवळावा.

ताकदीचा पुरावा चाकावरच्या शिक्क्यांत असतो. जपानी जेडब्ल्यूएल मानकात तीन मुख्य चाचण्या येतात. पहिलीत वळणातल्यासारखा वाकवणारा भार देत चाकाला हजारो फेरे दिले जातात, दुसरीत टायरसह चाक फिरत्या ड्रमवर दाबून चालवतात, आणि तिसरीत चाक तिरके ठेवून त्यावर जड वजन पाडतात. हा शिक्का कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर लावते. त्याच्यासोबत व्हीआयए असे असेल तर चाचणी त्रयस्थ संस्थेने पाहिलेली असते. भारतात हलक्या धातूच्या रिमसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे. चाकावर कमाल भारही लिहिलेला असतो. वळणात ब्रेक लावताना पुढच्या बाहेरच्या चाकावर उभ्या गाडीतल्या भाराच्या दीडपटीहून जास्त वजन येते, आणि चिकट सेमी-स्लिक टायर ते आणखी वाढवतात. म्हणून भाराचा आकडा जेमतेम पुरणारा नको.

शिक्का ओतणे अवघड नसते, हेही लक्षात ठेवावे. नामांकित चाकांच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत. आरे तसेच, रंग तोच, आतला धातू मात्र साधा ओतीव. नक्कल जड असेल तर निदान पैसेच वाया जातात. ती हलकी असेल तर जास्त घाबरावे, कारण अस्सल चाकाची जाडी धातूच्या घडणीवर ठरवलेली असते. चांगल्या ओतीव चाकाला टी६ उष्मासंस्कार दिलेला असतो: सुमारे ५४० अंश सेल्सिअसला काही तास, मग पाण्यात थंड, मग १५०-१६० अंशांना पुन्हा भाजणी. वाकलेली रिम गॅसच्या ज्वाळेने तापवून सरळ केली किंवा तडा आर्गन वेल्डिंगने भरला, की त्या जागची ही ताकद जाते. असे चाक शहरात चालेल, ट्रॅकवर नाही. जुनी चाके घेताना ती बॅलन्सिंग मशीनवर फिरवून आतली कड डुलते का ते पाहावे, आऱ्यांची मुळे आणि बोल्टच्या भोकांच्या कडा बॅटरीच्या उजेडात तपासाव्यात आणि नव्याने रंगवलेल्या चाकाबद्दल शंका घ्यावी. वजनकाटा सोबत न्यावा. विक्रेत्याने सांगितलेले वजन क्वचितच जुळते.

पैसा मोजका असेल तर क्रम स्पष्ट आहे. आधी चांगले ब्रेक पॅड आणि उच्च तापमानाला टिकणारे ब्रेक ऑइल, मग चांगले टायर, मग लहान व्यासाची, खात्रीच्या कंपनीची लाटीव चाके. ती मिळत नसतील तर गाडीचीच मूळ अ‍ॅलॉय चाके दुसऱ्या गाडीतून जुनी घेऊन ट्रॅकसाठी वेगळी ठेवावीत. मापे आपोआप जुळतात आणि बोल्टही बदलावे लागत नाहीत.

ट्रॅकवरची निगा थोडकीच आहे. प्रत्येक फेरीनंतर चाके थंड झाल्यावर टॉर्क तपासावा; तापलेले बोल्ट पुन्हा आवळले तर आटे ताणले जातात. चिकटवलेली वजने उष्णतेने सुटतात, म्हणून त्यांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मारतात. स्टिअरिंग अचानक थरथरू लागले तर आधी रिमच्या आत ट्रॅकवरच्या रबराचे गोळे चिकटले आहेत का ते पाहावे. ते खरवडूनही थरथर गेली नाही, तर ते चाक उतरवून तडा शोधावा आणि तोपर्यंत गाडी पिटमध्येच ठेवावी.