घारापुरीला फील्डवर्कला जाताय?

घारापुरीची लेणी सगळ्यांना माहीत असतात. पण बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावंही आहेत, हे लाँचमधून उतरणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं. लेण्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला १९८७ साली. गावांत समुद्राखालच्या केबलने वीज आली ती थेट २०१८ मध्ये.

म्हणून प्रश्नावली फक्त धक्का ते लेणी या वाटेवर भरून घेऊ नका, नमुना तिथेच एकांगी होतो. रविवारी दुकानदाराला अडवलंत तर त्याची कमाईची वेळ जाते. गर्दी नसताना जा, आधी परवानगी विचारा, कुणी 'नको' म्हटलं तर आग्रह करू नका. आपला कचरा परत आणा. आणि निष्कर्ष हाती आले की ते सांगायला पुन्हा गावात जा.