बंदुकीच्या गोळीचा वेग कसा मोजतात?

वेग मोजावयाचा म्हणजे दोन गोष्टी हाती हव्यात: अंतर आणि ते तोडण्यास लागलेला वेळ. बैलगाडीचा, आगगाडीचा किंवा शर्यतीत धावणाऱ्या मुलाचा वेग आपण याच रीतीने काढतो आणि त्यात काही अवघड आहे असे कोणास वाटत नाही. हीच रीत रायफलच्या गोळीला लावावयास जावे, तर मात्र मती गुंग होते. सैनिकाच्या रायफलची गोळी नळीबाहेर पडते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ८०० मीटर असतो. पापणी लवण्यास सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो असे धरले, तर तेवढ्यात ही गोळी ८० मीटर निघून गेलेली असते. हातातले घड्याळ येथे काय कामाचे? असे असता आज चांदमारीच्या मैदानावर नेमबाज आपल्या रायफलीशेजारी खिशात मावेल एवढी एक डबी मांडून ठेवतो, बार काढतो आणि डबीच्या तोंडावर उमटलेला आकडा वहीत टिपून घेतो. डबी गोळीला शिवलेली नसते. तिच्या वाटेतही आलेली नसते. ती रडारच्या तत्त्वावर चालते. हे कसे साधते आणि त्या आकड्यावर कितपत विसंबावे, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

परंतु त्याआधी कोणी विचारील की, हा वेग कळून उपयोग काय? गोळी निशाणाला लागल्याशी कारण! उत्तरादाखल एक साधा हिशेब मांडून पाहू. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, हे सर्वांच्या स्मरणात असेल. अंतिम फेरीत त्यांचे गुण झाले ४५१.४. हे दशांश चिन्ह लक्षात ठेवा. या स्पर्धेच्या निशाणावर अगदी मधले, दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि पुढची वर्तुळे आठ-आठ मिलिमीटरांच्या अंतराने आखलेली असतात. म्हणजे गोळी पाऊण मिलिमीटर सरकली की गुणाचा दहावा हिस्सा गेलाच.

आता गोळी सरळ रेषेत जाते हा आपला भाबडा समज आहे. नळीतून सुटल्या क्षणापासून ती हातातून सुटलेल्या आंब्याइतक्याच तत्परतेने खाली पडू लागते. फक्त पडण्यास तिला वेळ थोडा मिळतो, इतकेच. या स्पर्धेतील बारीक शिशाची गोळी सेकंदाला ३२० मीटर वेगाने सुटली, तर ५० मीटर जाईतो ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. तीच ३३० मीटर वेगाने सुटली, तर ११.३ सेंटिमीटर. फरक सात मिलिमीटरांचा! नेमबाजाचा श्वास स्थिर, हात स्थिर, नजर स्थिर. तरी एका काडतुसात दारूचा जोर किंचित कमी पडला म्हणून जवळजवळ अख्खा गुण हातचा जातो. (नळीची थरथर व हवेचा रोध यांनी हा हिशेब थोडा बदलतो, पण त्याचा रोख तोच राहतो.) म्हणून पट्टीचे नेमबाज काडतुसांच्या निरनिराळ्या घाण्यांतून आपल्या रायफलीला मानवणारा घाणा पारखून घेतात.

गोळीचा वेग प्रथम ज्याने भरवशाने मोजला तो बेंजामिन रॉबिन्स नावाचा इंग्रज गणिती. याचे आईबाप क्वेकर, म्हणजे शस्त्राला हात लावणे पाप मानणाऱ्या पंथातले. आणि मुलाने तोफाबंदुकांचे शास्त्र नव्याने उभे केले! १७४२ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची युक्ती अशी. गोळी फार वेगवान आहे म्हणून मोजता येत नाही ना? मग तिला आपला वेग एखाद्या जड वस्तूला देऊ द्यावा, म्हणजे तो वेग आपल्या डोळ्यांना पेलवेल इतका मंद होईल. त्याने लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगला आणि त्यात गोळी मारली. समजा, १० ग्रॅमची गोळी ४०० मीटर वेगाने २० किलोच्या ठोकळ्यात रुतली. ठोकळा गोळीच्या दोन हजारपट जड, म्हणून दोघांचा मिळून वेग दोन हजारांशाने उरेल, म्हणजे सेकंदाला २० सेंटिमीटर. दोन मीटर लांबीच्या टांगणीवर असा लंबक नऊ सेंटिमीटर झोका घेतो. रॉबिन्सने लंबकाला एक फीत बांधली होती. झोक्याबरोबर ती जितकी ओढली जाई तितके अंतर तो मोजी आणि मागे हिशेब करून गोळीचा वेग काढी. लाकूड आणि फीत! यापेक्षा साधी सामग्री ती कोणती?

पण या साध्या सामग्रीने तोफखान्याची पुरातन समजूत उलथून पाडली. रॉबिन्सने लंबक बंदुकीपासून कधी जवळ तर कधी दूर टांगून पाहिले, तेव्हा दूर जाता जाता गोळीचा वेग झपाट्याने घटतो असे त्याला आढळले. तोवर जाणते लोक म्हणत की, जड गोळ्याला हवेचा अडथळा तो किती! रॉबिन्सने दाखविले की, वेगवान गोळीला हवेचा रोध तिच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपटीहूनही अधिक होतो. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, ८०० मीटर वेगाची गोळी पोकळीत ४५ अंशांवर मारली असता ६५ किलोमीटरांवर जाऊन पडावी; प्रत्यक्षात ती चार किलोमीटरांच्या आसपास पडते. बाकीचे सारे अंतर हवा खाते. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने १७४५ मध्ये हा ग्रंथ जर्मन भाषेत आणला, आपली टीका जोडून. रॉबिन्सचा शेवट मात्र आपल्या देशात झाला. ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांच्या डागडुजीसाठी त्याला इकडे पाठविले आणि कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात १७५१ साली तो तापाने वारला.

लंबकानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी वीज मदतीला आली. १८६० नंतरच्या दशकात ल बूलांजे या बेल्जियन तोफखान्याच्या अधिकाऱ्याने एक सुरेख यंत्र रचले. गोळीच्या वाटेत काही अंतरावर तारांच्या दोन चौकटी. पहिल्या चौकटीची तार तुटली की विद्युतचुंबकाने धरलेली एक लांब कांब सुटून खाली पडू लागते. दुसरीची तार तुटली की दुसरे वजन सुटते, ते एका चापावर आदळते आणि एक पाते येऊन पडत्या कांबेवर खूण करते. खूण जितकी वर, तितका वेळ जास्त. म्हणजे येथे घड्याळ कोणते? तर गुरुत्वाकर्षण! हे यंत्र तोफखान्यांनी अनेक दशके वापरले.

पुढे तारेची जागा प्रकाशाने घेतली. आकाशाकडे तोंड करून बसविलेल्या दोन प्रकाशनेत्रांवरून गोळी गेली की तिची सावली क्षणभर पडते आणि दोन सावल्यांमधला काळ स्फटिकाच्या कंपनांनी मोजला जातो. ही साधने स्वस्त झाली आणि हौशी नेमबाजांच्याही हाती आली. आजही ती वापरात आहेत. परंतु त्यांच्या खोडी पुष्कळ. ढग आला की नेत्र फसतात. ऊन तिरपे असले की फसतात. दोन नेत्रांमधले अंतर ६० सेंटिमीटर धरले आहे आणि चौकट दोन मिलिमीटर वाकली आहे, एवढ्याने ८०० च्या आकड्यात अडीच-तीन मीटरांची चूक शिरते. शिवाय चौकट मांडायला गोळीबाराच्या रेषेपुढे जावे लागते, तोवर मैदानावरचे सारे बार थांबवावे लागतात. आणि गोळी तिच्या मधूनच गेली पाहिजे. जरा नेम चुकला की यंत्राचाच बळी!

आता रडारकडे वळू. याचे मूळ तत्त्व आपण सर्वांनी फलाटावर ऐकलेले आहे. शिटी देत येणारे इंजिन आपल्यासमोरून पुढे गेले की शिटीचा स्वर एकदम उतरतो. येताना ध्वनीच्या लहरी दाटीने कानावर येतात, जाताना विरळ. प्रागमध्ये शिकविणाऱ्या क्रिश्चन डॉपलरने १८४२ साली हे तत्त्व मांडले, तेही ताऱ्यांच्या रंगासंबंधी. आणि १८४५ मध्ये बाइस बालो या डच शास्त्रज्ञाने उट्रेख्टजवळ आगगाडीवर तुतारी वाजविणारे बसवून व रुळाकडेला स्वर ओळखणारे कानसेन उभे करून त्याची परीक्षा घेतली. शास्त्राच्या इतिहासात इतका सुरेल प्रयोग क्वचितच झाला असेल.

नेमबाजाच्या डबीत शिटीऐवजी रेडिओलहरी असतात, सेकंदाला सुमारे २,४०० कोटी कंपनांच्या. एका लहरीची लांबी साडेबारा मिलिमीटर. या लहरी पळत्या गोळीच्या पाठीवर आपटून परत येतात. गोळी दूर जात असल्यामुळे परतलेल्या लहरींची कंपनसंख्या थोडी घटलेली असते. आणि जाताना एकदा व परतताना एकदा असा हा परिणाम दुहेरी होतो. ८०० मीटर वेगाला ही घट येते १,२८,०००. मोठा आकडा वाटतो खरा, पण २,४०० कोटींच्या मानाने तो सुमारे १,८७,५०० मध्ये एक इतकाच. एवढा सूक्ष्म फरक ओळखावा कसा?

येथे तंबोरा जुळविणाऱ्याची आठवण ठेवा. जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरात आल्या, पण पुरत्या मिळाल्या नाहीत, म्हणजे नादात एक संथ हेलकावा ऐकू येतो. एका सेकंदातील हेलकावे म्हणजे दोन तारांच्या कंपनांतला नेमका फरक. गवई हे हेलकावे मोजीत बसत नाही, मिटवितो. डबी ते मोजते. पाठविलेली लहर आणि परतलेली लहर एकत्र मिसळली की त्यांचे हेलकावे उरतात, आणि हिशेब इतका सरळ की दर १६० हेलकाव्यांना सेकंदाला एक मीटर वेग. ५१,२०० हेलकावे आले, तर गोळी ३२० मीटर वेगाने चालली आहे. अंतर मोजले नाही, वेळेचे दोन टोक पकडले नाहीत. वेग थेट हाती आला.

असे रडार मोठ्या तोफांसाठी फार पूर्वीपासून होते. सामान्य नेमबाजाला परवडणारी यंत्रे मात्र गेल्या दशकातली, आणि गार्मिन कंपनीची झेरो नावाची खिशातली डबी तर २०२३ सालची. हिला बाजूला ठेवून दिले की पुरे. ढगाळ दिवस असो वा सांज असो, तिला फरक पडत नाही.

आता त्या आकड्याविषयी. डबीवर दिसतो तो गोळी नळीच्या तोंडाशी असतानाचा वेग, असे लिहिलेले असते. परंतु तेथे तो मोजलेला नसतो, आणि मोजता आलाही नसता. कारण डबी बंदुकीच्या बाजूला आहे. ती फक्त आपल्यापासून सरळ दूर जाण्याचा वेग पाहते. डबी गोळीच्या वाटेपासून १५ सेंटिमीटर बाजूस असेल, तर गोळी एक मीटर पुढे असताना तिला वेग शेकडा एकाहून थोडा अधिकच कमी दिसेल, म्हणजे ८०० ला नऊ मीटरांची तूट. गोळी दहा मीटर पुढे गेली की हीच तूट दहा सेंटिमीटरांच्या आत येते. म्हणून यंत्र गोळीचा काही अंतरापर्यंत पाठलाग करते, वेग कसा घटत चालला आहे हे पाहते आणि त्या उतरत्या रेषेवरून उलट मागे येऊन नळीच्या तोंडाशी तो किती असला पाहिजे याचा अंदाज सांगते. रायफलची गोळी दर मीटरला पाऊण ते एक मीटर वेग गमावते, तेव्हा ही मागची पायपीट आवश्यकच असते. शेजारच्या नेमबाजाचा प्रकाशनेत्रांचा आकडा रडारपेक्षा तीन-चार मीटर कमी आला, तर कोणाचेही यंत्र बिघडलेले नसेल. त्याची चौकट तोंडापुढे चार मीटरांवर आहे एवढाच अर्थ.

रडारचीही दृष्टी अमर्याद नाही. अंतर दुप्पट झाले की परतणारी लहर सोळावा हिस्सा उरते. त्यात साडेपाच मिलिमीटरांची गोळी म्हणजे लहरीच्या लांबीच्या निम्मीही नव्हे. म्हणून बारीक गोळी लवकर दिसेनाशी होते, जाड गोळी दूरवर दिसते.

यंत्र सोपे झाल्यामुळे एक नवा मोह उत्पन्न झाला आहे, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पाच गोळ्या झाडावयाच्या, वेगातली चढउतार पाहावयाची आणि हे काडतूस उत्तम, ते टाकाऊ असा निकाल द्यावयाचा! एखाद्या घाण्यातली खरी चढउतार, संख्याशास्त्राच्या प्रमाण विचलनाच्या मापाने, तीन मीटर असली, तरी पाच गोळ्यांच्या नमुन्यात ती कधी दीड मीटर दिसेल, कधी साडेचार. निव्वळ योगायोगाने. वीस-तीस गोळ्या टिपल्यावाचून दोन घाण्यांची तुलना करू नये, असे आमचे मत आहे. तसेच मे महिन्याच्या उन्हात तापलेली काडतुसे आणि पहाटेच्या गारव्यातली काडतुसे यांचे आकडे एकाच रकान्यात लिहू नयेत. तापलेली दारू अधिक जोराने जळते. आणि वेग सारखा आला म्हणजे निशाणावरचा गटही बारीक येईल असे नाही, कारण गोळीचा घाट, नळीचा कस आणि वारा यांची नोंद डबी ठेवीत नाही. त्यासाठी कागदावरची भोकेच पाहावी लागतात.

तोफेच्या बाबतीत तर याच आकड्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. शेकडो बार काढून नळी आतून झिजते, गोळ्यामागचा वायू निसटू लागतो आणि वेग उतरतो. तो शेकडा एकाने जरी घटला, तरी २० किलोमीटरांवर गोळा दीड-दोनशे मीटर आखूड पडावयाचा. आणि पुढे आपलीच पायदळाची तुकडी असली, तर हा फरक कोठे पडतो हे सांगावयास नको. एकाच तोफखान्यातल्या सहा तोफांची झीज सहा प्रकारची असते. म्हणून आधुनिक तोफेच्या नळीजवळ असेच एक लहान रडार बसवितात. ते प्रत्येक गोळ्याचा वेग टिपते आणि पुढच्या बारासाठी नळी किती उचलावयाची याचा हिशेब त्या तोफेपुरता दुरुस्त करून घेतला जातो.